धुराडं कुणी साफ करायचं?

पावसाळ्यात सरपण ओलं असतं. फुंकणीने चार वेळा फुंकावं तेव्हा कुठे चूल पेटते, तोवर आढ्यापर्यंत धूर कोंडतो आणि भाकरी थापणारीचे डोळे चुरचुरायला लागतात. हा धूर घराबाहेर काढायची धडपड आपल्याकडे जुनी आहे. ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं त्या वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची 'मगन चूल' घडली; पुढे हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजूंनीही अशीच निर्धूर चूल मांडली.

सरकार हललं ते मात्र जंगलांच्या काळजीने. १९७३च्या तेलटंचाईनंतर लाकूडफाट्याचा हिशेब सुरू झाला आणि १९८३मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्याच सुमारास अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या चार खेड्यांत, रांधणाऱ्या बाईच्या श्वासातून किती धूर जातो हे मोजलं. माझ्या मते खरी सुरुवात इथून व्हायला हवी होती.

२००२पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. मोजणी झाली ती बसवलेल्या चुलींची, पेटत्या चुलींची नाही. धुराड्याचा पाइप काजळीने तुंबायचा. तो उतरवून साफ करायचा असतो, हे फारसं कुणी समजावत नसे. मग धूर पुन्हा घरातच. जाड लाकूड मावेना म्हणून चुलीचं तोंडही फोडलं जाई. अनुदान होतं, पण दुरुस्तीला माणूस नव्हता. पुढे पुण्याच्या 'आरती' संस्थेने गावच्या कुंभारांना आणि बायकांना सुधारित चुली घडवून विकायला शिकवलं. बनवणारा गावातच असला की चूल टिकण्याची आशा असते.

इंदिरा आवास योजनेच्या घरात निर्धूर चूल धरलेली होती. आताच्या घरकुलाच्या २५ चौरस मीटरमध्ये स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. १ मे २०१६ला गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली, आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या औरंगाबादेत दिली गेली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर रांधणारी ग्रामीण कुटुंबं ४३ टक्क्यांच्या आसपासच होती. जोडणी एकदाच मिळते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. मजुरीवर चालणाऱ्या घराला ती रक्कम एकदम काढणं जड जातं.

म्हणून घरकुलात ओट्यावर शेगडी दिसते, आणि मागच्या पडवीत पत्र्याखाली तीन दगडांची चूल, शेजारी पऱ्हाट्यांचा भारा. अंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं.