आधारगट, एच.आय.व्ही. उपचारातील (कोकण)

एच.आय.व्ही.वर औषधे घेणाऱ्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी बांधलेला लहान गट. एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या रोज आणि आयुष्यभर घ्याव्या लागतात. वारंवार खंड पडल्यास विषाणू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. हा खंड पडू न देणे, हे गटाचे मुख्य काम.

गटांच्या उगमाविषयी दोन मते दिसतात. पहिले मत त्यांचे मूळ बाधितांच्या हक्कलढ्यात शोधते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९८३ मध्ये रुग्णांनी निर्णयप्रक्रियेत सहभाग मागितला; युगांडातील टासो ही बाधितांना आधार देणारी संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली; बाधितांचा सहभाग वाढवण्याची ग्वाही देणाऱ्या १९९४ च्या पॅरिस जाहीरनाम्यावर तर सरकारांनीच सह्या केल्या. दुसरे मत औषधवाटपाच्या सोयीला महत्त्व देते. मोझांबिकच्या टेटे प्रांतात साधारण २००८ पासून सहा जणांपर्यंतचे गट बनले. दर महिन्याला एक सदस्य केंद्रावर जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सर्वांच्या गोळ्या आणी. दक्षिण आफ्रिकेतील खायेलित्शा या वस्तीतील औषधे घेणाऱ्यांचे क्लब याच सुमाराचे, पण आकाराने मोठे. भारतात बाधितांची राष्ट्रीय संघटना १९९७ मध्ये उभी राहिली, तर सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. हा क्रम पाहता येथील गटांपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

कोकणात औषध मोफत असले तरी ते गाठणे सोपे नाही. वाड्या विखुरलेल्या, जिल्हा रुग्णालय लांब. जवळच्या रुग्णालयात गोळ्या देणाऱ्या लिंक एआरटी केंद्रांमुळे काही हेलपाटे वाचतात. नोंदणी मुंबईत असलेला चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला येऊन मुक्काम लांबवतो, तेव्हा गोळ्या संपण्याची भीती असते. खलाशाला बोटीवर पुरेसा साठा न्यावा लागतो, तोही इतरांच्या नजरेआड. अशा वेळी कोणत्या केंद्रावर जावे, नोंदणी दुसऱ्या केंद्राकडे बदलण्याचे कागद कसे मागावेत, हे आधी त्यातून गेलेला सोबती नेमके सांगू शकतो.

वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून बैठक गावाबाहेर, बहुधा तालुक्याच्या ठिकाणी घेणे श्रेयस्कर. हा संकोच भित्रेपणा समजू नये. नाव फुटल्यास घर, मजुरी आणि मुलांची सोयरीक पणाला लागते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी केली असून संमतीशिवाय कोणाची बाधितस्थिती उघड करण्यासही, काही अपवाद वगळता, मनाई आहे.