‘घोस्ट टाउन’ जुलैच्या दंगलींवर लिहिलेलं नाही

‘१९८१च्या जुलैत ब्रिटनमधली शहरं पेटली आणि द स्पेशल्स या बँडनी त्यावर ‘घोस्ट टाउन’ हे गाणं केलं’, हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की खरंच वाटावं. पण तारखा जुळत नाहीत. गाणं बाजारात आलं जूनमध्ये. लिव्हरपूलचं टॉक्स्टेथ पेटलं जुलैत. त्याच महिन्यात गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं, बाहेर दगडफेक चालूच होती. मग लोकांनी सांगड घातली, त्यात नवल नाही.

लंडनचं ब्रिक्स्टन एप्रिलमध्येच पेटलं होतं, हे मान्य. पण गाणं लिहिणाऱ्या, बँडच्या जेरी डॅमर्सच्या डोक्यात होतं ते दौऱ्यांवर पाहिलेलं: बंद दुकानं, बेकारी, ग्लासगोच्या रस्त्यावर घरातल्या कपबशा विकायला बसलेल्या म्हाताऱ्या. शिवाय स्वतःचा फुटत चाललेला बँड. जमैकाचं स्का संगीत आणि पंक रॉकचा धसमुसळेपणा एकत्र करणारी, काळ्या-गोऱ्या पोरांची ही कॉव्हेंट्रीची टोळी तोवर आपसातच भांडत होती.

वंशद्वेषी हल्ल्याबद्दल थेट बोलणारं गाणं त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे: बँडचा गिटारवादक लिनव्हल गोल्डिंगचं ‘व्हाय?’. हल्ला त्याच्यावरच झाला होता. ते फारसं कुणी ऐकत नाही.