गोव्यातली जुनी जन्मनोंद आणि पोर्तुगीज नागरिकत्व : पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

गोव्यात 'पोर्तुगीज पासपोर्ट काढणे' असे सर्रास म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, व्हिसासारखा कुठेतरी अर्ज करायचा असेल. प्रत्यक्षात पासपोर्ट हा या कामाचा अगदी शेवटचा, सोपा टप्पा. खरे काम असते गोव्याच्या जुन्या रजिस्टरातली एक जन्मनोंद लिस्बनच्या रजिस्टरात उतरवून घेण्याचे. ही नोंद स्वच्छ असेल तर बाकीचे सगळे सरळ होते. ती गढूळ असेल तर कितीही हुशार एजंट धरा, फाइल परत येते.

आधी पोर्तुगीज नागरिकत्वाचा हा हक्क आला कुठून ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेले लोक, तसेच ज्यांच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणी तिथे जन्मले होते असे लोक, त्या तारखेपासून भारतीय ठरले. कोणाला पोर्तुगीजच राहायचे असेल तर एका महिन्यात लेखी कळवायचे होते. पोर्तुगालने मात्र हे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट ३१ डिसेंबर १९७४ ला. त्या दिवशी दिल्लीत झालेल्या करारावर पोर्तुगालतर्फे मारियु सुआरिश यांची आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची सही आहे. पोर्तुगालच्या कायद्याच्या नजरेत त्या प्रदेशात जन्मलेले लोक जन्माने पोर्तुगीज होतेच, आणि जन्मनोंद लिस्बनला करून हे नागरिकत्व कागदावर आणण्याची वाट त्यांना खुली राहिली. आजचा राष्ट्रीयत्वाचा मूळ कायदा १९८१ चा, क्रमांक ३७. त्यात अनेकदा बदल झाले आहेत, म्हणून पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्याने भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन कामाला लागू नये.

पात्रतेत पहिला गट २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे जन्मलेल्यांचा. त्यांची स्वतःचीच जन्मनोंद लिस्बनला उतरते. दुसरा गट त्यांच्या मुलांचा, मग मूल १९६१ नंतर गोव्यात जन्मलेले असो, मुंबईत, बेळगावात की कुवेतमध्ये. अट एवढीच की आधी आईची किंवा वडिलांची नोंद उतरलेली हवी आणि ते मूल त्यांचेच असल्याचे मूल अज्ञान (म्हणजे कायद्याने वयात न आलेले) असतानाच कागदावर आलेले हवे. ही दुसरी अट लोक हटकून विसरतात. वयाच्या तिसाव्या वर्षी कोर्टातून जन्मनोंद करून घेतली असेल, तर वडिलांचे नाव त्यात 'आज' आले असे धरले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, बाप्तिस्म्याची नोंद असा त्या काळातला पुरावा जोडावा लागतो.

नातवंडांना दोन वाटा आहेत. आईवडील हयात आणि तयार असतील तर पायरीपायरीने जावे: आजोबांची नोंद, मग वडिलांची, मग आपली. ही वाट लांब वाटते, पण भक्कम. मधली पिढी वगळून थेट नातू म्हणून अर्ज करता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पोर्तुगीज भाषा पुरेशी येत असल्याचा पुरावा मुख्य मानला जातो. हा पुरावा म्हणजे बहुधा ए-२ या प्राथमिक पातळीची 'सिप्ल' ही पोर्तुगीज भाषेची परीक्षा. आपल्याकडे घरात कोकणी-मराठी, शाळेत इंग्रजी. तेव्हा ही परीक्षा म्हणजे काही महिन्यांचा खरा अभ्यास. नवरा-बायकोसाठी वेगळी तरतूद आहे: पोर्तुगीज नागरिकाशी लग्नाला तीन वर्षे झालेली असावीत आणि ते लग्न आधी पोर्तुगालमध्ये नोंदलेले असावे. त्यातही पोर्तुगालशी खरा संबंध नाही म्हणून सरकारी वकील हरकत घेऊ शकतो.

आता मूळ कागदाकडे येऊ. गोव्यात त्याला 'तेओर' म्हणतात. मूळ नोंदीची, समासातल्या शेऱ्यांसकट, शब्दशः प्रमाणित नक्कल म्हणजे तेओर. हल्ली मिळणारा संगणकावरचा सुटसुटीत जन्मदाखला इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात आजोबांची नावे नसतात, नोंद कोणी कधी केली ते नसते, आणि नंतर झालेल्या दुरुस्त्याही नसतात. तेओर तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात मागावा. फार जुनी बुके पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. तालुका आजचा पाहू नये, तेव्हाचा पाहावा. धारबांदोडा तालुका त्या काळी नव्हताच, तिथल्या गावांच्या नोंदी सांगे किंवा फोंड्याच्या बुकांत सापडतात. जन्मतारीख पक्की नसेल तर मागच्या-पुढच्या दोनतीन वर्षांचा शोध मागावा, कारण नोंद जन्मानंतर बऱ्याच दिवसांनी झालेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी नंतर ताब्यात घेतलेल्या तालुक्यांतल्या) हिंदू घरांत तर ती झालेलीच नसणे हेही नवल नाही. तेओराच्या दोनतीन प्रती एकदमच काढाव्यात. एक फाइलला जाते, एक दुरुस्तीसाठी लागते, एक घरी राहते.

तेओर हातात आला की पहिला धक्का बसतो तो नावाचा. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आले ते त्याच्या लिपीत लिहिले. त्या लिपीत 'श' साठी एक्स हे अक्षर, 'ज' साठी झेड, आणि के अक्षराचा वापर जवळजवळ नाहीच, त्यामुळे 'क' साठी सी किंवा क्यू-यू. वर गोव्याच्या उच्चारातला 'ओ' आणि शेवटी एक 'आ'. म्हणून शंकर झाला शेंकोरा, जयवंत झाला झोइवोंता, विठ्ठल झाला वितोला, लक्ष्मण झाला लाशिमोना. आडनावांत प्रभूंचे पोरोबो, कामतांचे कामोतीं, शेणव्यांचे सिनाय. नाईक उच्चाराला नाईकच राहिले, पण शेवटी क्यू-यू-ई लागून. इथपर्यंत ठीक होते. पुढे मुक्तीनंतर त्याच माणसाने शाळेत इंग्रजी स्पेलिंग घेतले, आधारवर तिसरे आले, आणि मुलाच्या जन्मदाखल्यात वडिलांचे नाव चौथ्याच रूपात उतरले. लिस्बनचा निबंधक चारही कागद शेजारी ठेवतो, आणि त्याला चार माणसे दिसतात.

यावर लोकांचा आवडता उपाय म्हणजे वकिलाकडून 'एक आणि तीच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र. ते जोडण्याला हरकत नाही, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. एकदोन अक्षरांचा, उच्चारात न जाणवणारा फरक असेल तर चालून जातो. आडनावच वेगळे असेल, मधले 'सिनाय' एका कागदात आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा जन्मतारीख जुळत नाही, तर नोंदच दुरुस्त करून घ्यावी लागते. साध्या चुका निबंधकाच्या पातळीवर सुटतात, वादाच्या असतील तर दिवाणी न्यायालय, आणि मुद्दाम नाव बदलले असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याची वाट. दुरुस्तीचा शेरा मूळ नोंदीच्या समासात चढला की नवा तेओर काढायचा. जुना फाइलला लावला तर दुरुस्ती न झाल्यासारखीच. दुरुस्ती कोणत्या दिशेने करायची याचाही विचार हवा. बहुतेकदा जुन्या नोंदीला हात न लावता नंतरचे कागद तिच्याशी जुळवून घेणे सोपे जाते, कारण वारशाचे, जमिनीचे कागद त्याच जुन्या नावावर असतात.

बायकांच्या कागदांत आणखी एक गाठ असते. आपल्याकडे लग्नात आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलायची रीत होती. तेओरात 'शांता', लग्नाच्या नोंदीत 'लक्ष्मी', मुलाच्या दाखल्यात 'लक्ष्मीबाई': निबंधकाला हे कसे कळावे? हक्क वडिलांकडून येत असला तरी आईचे नाव दोन्हीकडे जुळावे लागते. लग्नाच्या नोंदीत आईचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि जन्मगाव नीट असेल तर त्यावरून सांगड घालता येते. म्हणून लग्नाचा दाखलाही पूर्ण नकलेच्याच रूपात काढावा.

महाराष्ट्रात वाढलेल्या गोवेकर कुटुंबांच्या अडचणी वेगळ्या. मुंबई महापालिकेच्या जुन्या जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसते, फक्त आईवडिलांचे. तेव्हा आधी नाव चढवून घ्यावे. गिरगावातल्या मंगल कार्यालयात लागलेले आईवडिलांचे लग्न कित्येकदा कुठेच नोंदलेले नसते. उशिरा नोंदवता येते, पण मुलाच्या जन्मानंतर वीस वर्षांनी केलेली नोंद पाहून प्रश्न विचारले जातात, म्हणून सोबत पत्रिका, फोटो, त्या काळचे रेशनकार्ड ठेवावे. भारतीय दाखल्यांवर आधी राज्य सरकारचे साक्षांकन होते, मग दाखला परदेशात खरा मानला जावा यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का बसतो. त्यानंतर पोर्तुगीज भाषांतर. क्रम उलटा केला तर शिक्क्याचे भाषांतर राहते आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. जुना तेओर मुळातच पोर्तुगीजमध्ये असतो, त्याला भाषांतर लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दाखल्याला लॅमिनेशन करू नये. त्यावर शिक्का बसत नाही.

अर्ज जातो लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे कोन्सेर्वातोरिया दुस रेजिस्तुस सेंत्राइश. सज्ञान मुलाने पोर्तुगीज आईवडिलांच्या आधारे करायचा तो फॉर्म १सी, नातवाचा १डी, लग्नाच्या आधारे असेल तर नमुना ३. फॉर्म ठळक, सुट्या अक्षरांत भरायचा, खाडाखोड नको. सही मात्र घरी करून ठेवू नये: ती अधिकाऱ्यासमोर, वकिलातीत किंवा अधिकृत व्यक्तीसमोर करून तशी नोंद करून घ्यायची असते. आधीच सही केलेला फॉर्म परत येणे ही सर्वात स्वस्तातली आणि सर्वात नेहमीची चूक. सोबत पूर्ण जन्मनोंद, ओळखपत्राची प्रमाणित प्रत, आणि आईवडिलांच्या पोर्तुगीज नोंदीचा क्रमांक व वर्ष. सज्ञान मुलाच्या अर्जाला शुल्क १७५ युरो, अज्ञान मुलाला माफ, लग्नाच्या आधारे २५० युरो.

साखळीतला क्रम पाळावा: वडिलांचा जन्म, वडिलांचे लग्न, मग मुलाचा जन्म, मग मुलाचे लग्न. वडिलांच्या नोंदीत नावाची चूक राहिली आणि त्यावर तीन मुलांचे अर्ज गेले तर ती चूक चार ठिकाणी निस्तरावी लागते. म्हणून पहिली नोंद उतरली की तिची प्रत मागवून अक्षर न् अक्षर वाचावे, मगच पुढचे अर्ज. आईवडील वारले असतील तरी १९६१ पूर्वीची त्यांची जन्मनोंद उतरवून घेण्याची मागणी मुले करू शकतात. मग त्यांचा मृत्यूदाखलाही लागतो. नोंद झाल्यावर नागरिक ओळखपत्र आणि पासपोर्ट. गोव्यात हे काम पणजीतल्या पोर्तुगीज वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन होते, आणि खरी रखडपट्टी बहुधा या अपॉइंटमेंटसाठीच होते.

भारतीय बाजू अर्ज करण्यापूर्वीच समजून घ्यावी, नंतर नव्हे. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी पासपोर्ट हातात आला की नियमांनुसार तो पक्का पुरावा धरला जातो. नुसती लिस्बनला नोंद उतरली म्हणजेही ते गेले का, यावर गोव्यात पुष्कळ वाद झाले, आणि त्याचा निवाडा फक्त केंद्र सरकार करू शकते. सरकारी नोकरी, पंचायतीची निवडणूक, मतदारयादीतले नाव यांपैकी काही ज्याला टिकवायचे आहे त्याने वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय पहिला तेओरही लिस्बनला पाठवू नये.

पोर्तुगीज पासपोर्ट मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरून विमानतळ ओलांडणे हा गुन्हा आहे. आधी तो परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावे, मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. अनेक गोवेकरांचे भारतीय पासपोर्ट, नागरिकत्वाची माहिती लपवली म्हणून रद्द झाले होते, त्यामुळे त्यांना सरेंडर सर्टिफिकेट मिळेना आणि ओसीआयही अडले. अशांना रिव्होकेशन सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखला, चालेल असे परराष्ट्र मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये कळवले होते; ते आज लागू आहे का, ते आधी विचारून घ्यावे. ही त्या कोंडीतून काढलेली वाट होती. तिच्या भरवशावर पासपोर्ट परत करणे लांबवू नये.

इंग्लंडसाठी हा सगळा खटाटोप करणाऱ्यांनी एक तारीख लक्षात घ्यावी. ब्रिटनमध्ये युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या गावी जाऊन थेट कामाला लागण्याचे दिवस गेले. तिथे नोकरीसाठी पोर्तुगीज नागरिकालाही आता व्हिसा लागतो. पोर्तुगाल, जर्मनी, आयर्लंड अशा युरोपीय संघातल्या देशांत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मात्र पूर्ण आहे.

आणि गावची जमीन. ओसीआय कार्डधारकाला घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. भाटाची (माडांच्या बागायतीची) वाटणी किंवा भावाचा हिस्सा विकत घेणे शिल्लक असेल, तर ते काम पासपोर्टच्या आधी उरकावे.