सांधा सुजण्याआधीची वर्षे

नेदरलँड्समधील एका रक्तपेढीत नियमित रक्तदान करणाऱ्यांपैकी ७९ जणांना पुढे आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, झाल्याचे तेथील संशोधकांना आढळले. रक्तपेढीने जुने नमुने गोठवून ठेवलेले असल्यामुळे या माणसांच्या रक्तात रोगापूर्वी काय चालले होते, हे वर्षावर्षाने मागे जाऊन तपासता आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांच्या रक्तात या रोगाशी निगडित प्रतिपिंडे (अँटीबॉडी) सांधेदुखी सुरू होण्याच्या आधीच तयार झालेली होती. मधला आकडा (मध्यक) घेतला तर साडेचार वर्षे आधी, आणि काहींच्या बाबतीत तर दहा वर्षांहूनही आधी. उत्तर स्वीडनमधील उमेओ येथे साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासातून एक वर्ष आधी असेच चित्र पुढे आले होते.

आमवाताविषयीच्या गेल्या दोन दशकांतील संशोधनाला याच निरीक्षणाने दिशा दिली, असे मला वाटते. हाताची बोटे सुजलेली, सकाळी मूठ वळत नाही आणि सांध्यांची अस्तरे दाह होऊन जाड झालेली आहेत, अशा अवस्थेत रुग्ण डॉक्टरांकडे येतो, तेव्हा आपण ज्याला रोगाची सुरुवात समजतो ती प्रत्यक्षात एका दीर्घ प्रक्रियेची उशिराची पायरी असते. मग आधीच्या त्या शांत वर्षांत हस्तक्षेप केला तर रोग टळेल का, या प्रश्नाचे किमान अर्धे उत्तर आता हाती आले आहे.

ही प्रतिपिंडे कशाविरुद्ध असतात, ते प्रथम पाहू. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी आर्जिनीन हे एक आहे. शरीरातील ‘पॅड’ नावाच्या गटातील विकरे (एन्झाइम) आर्जिनीनचे रूपांतर सिट्रुलीनमध्ये करतात. हा बदल निरोगी शरीरातही, विशेषतः दाहाच्या ठिकाणी, होत असतो आणि त्यात स्वतःहून काही वाईट नाही. परंतु त्यामुळे प्रथिनाचा विद्युतभार आणि आकार किंचित बदलतो आणि काही माणसांची रोगप्रतिकारक यंत्रणा अशा बदललेल्या प्रथिनाला परके समजू लागते. त्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी तपासणी म्हणजेच प्रयोगशाळेच्या अहवालावर दिसणारी ‘अँटी-सीसीपी’. आपल्याकडे अधिक परिचित असलेला ‘आरए फॅक्टर’ निरोगी वृद्धांमध्ये आणि क्षयरोगासारख्या दीर्घकालीन संसर्गांमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे केवळ त्यावरून आमवाताचे निदान करणे चुकीचे ठरते. अँटी-सीसीपी त्या मानाने बरीच नेमकी आहे, मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये ती निगेटिव्हच राहते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

स्वतःच्याच प्रथिनांविषयीची रोगप्रतिकारक यंत्रणेची सहनशीलता मोडण्याची ही घटना सांध्यात घडते, असे वाटणे स्वाभाविक असले तरी पुरावे वेगळीकडे बोट दाखवतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांतील पेशींमध्ये सिट्रुलीनयुक्त प्रथिने वाढलेली असतात आणि ‘एचएलए-डीआरबी१’ या जनुकाची विशिष्ट रूपे ज्यांच्याकडे आहेत अशा धूम्रपान करणाऱ्यांमध्ये अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा धोका अनेक पटींनी वाढतो. जनुक एकटे किंवा धूर एकटा जेवढी हानी करतो त्याहून कितीतरी अधिक हानी दोघे मिळून करतात. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवण्याची ‘स्नूस’ ही तंबाखू मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि तिचा आमवाताशी असा संबंध आढळलेला नाही, यावरून दोष निकोटीनपेक्षा फुप्फुसात जाणाऱ्या धुराचा असावा असे मानले जाते. (तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाहता आपल्याकडील तंबाखू चघळणाऱ्यांनी यातून कोणताही दिलासा घेऊ नये.)

दुसरे संशयित ठिकाण म्हणजे हिरड्या. हिरड्यांच्या जुनाट आजारातील ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस’ या जिवाणूकडे स्वतःचेच पॅड विकर असते, ही जिवाणूंमध्ये अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि रॉकफेलर विद्यापीठांतील संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासले, तेव्हा हिरड्यांचा आजार असलेल्यांच्या रक्तात तोंडातील जिवाणूंचे अंश वारंवार उतरत असल्याचे आढळले. या जिवाणूंवरील सिट्रुलीनयुक्त प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे रुग्णाच्या स्वतःच्या सिट्रुलीनयुक्त प्रथिनांनाही चिकटत होती. हिरड्यांवर उपचार केल्याने आमवात टळतो, असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही ब्रश करताना सतत रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जाण्यास हे एक जादा कारण आहे, असे मी नक्कीच म्हणेन.

परंतु प्रतिपिंडे असणे म्हणजे रोग असणे नव्हे. ती असूनही अनेकांचे सांधे वर्षानुवर्षे निरोगी राहतात, आणि काहींच्या रक्तातून ती कालांतराने नाहीशीही होतात. ही दुसरी पायरी कशी ओलांडली जाते, याचा बारकाईने शोध घेणारा अभ्यास सिअॅटलमधील अॅलन इन्स्टिट्यूट आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, पण सांधे न सुजलेल्या लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतल्यावर असे दिसले की, सूज येण्यापूर्वीच दाहाची लक्षणे त्यांच्या साऱ्या रक्तात पसरलेली असतात, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी दाह वाढवणाऱ्या अवस्थेकडे झुकलेल्या असतात, आणि ज्या टी-पेशींनी अद्याप कोणत्याही शत्रूचा सामना केलेला नाही त्यांच्यातही बदल झालेले असतात. थोडक्यात, बाहेरून निरोगी दिसणारी ही माणसे रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दृष्टीने निरोगी उरलेली नसतात.

या यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशीही शरीरात असतात. नियामक टी-पेशींच्या शोधाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतर पेशींना शांत ठेवण्यासाठी नियामक पेशी जी साधने वापरतात त्यांपैकी ‘सीटीएलए-४’ हा रेणू महत्त्वाचा आहे. टी-पेशी पूर्णपणे सक्रिय होण्यासाठी तिला दोन संकेत लागतात आणि सीटीएलए-४ दुसरा संकेत अडवतो. याच रेणूचा भाग घेऊन बनवलेले ‘अॅबाटासेप्ट’ हे औषध आमवाताच्या उपचारात बरीच वर्षे वापरले जात आहे. ते त्याही आधी, रोग प्रकट होण्यापूर्वीच दिले तर काय होईल, हे पाहणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांपैकी मोठी चाचणी किंग्ज कॉलेज लंडनच्या अँड्र्यू कोप यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये झाली. सांधे दुखतात, प्रतिपिंडे आहेत, पण सूज नाही, अशा २१३ जणांपैकी ११० जणांना वर्षभर दर आठवड्याला अॅबाटासेप्टचे इंजेक्शन दिले गेले आणि १०३ जणांना औषध नसलेले इंजेक्शन. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ६ टक्के, तर दुसऱ्या गटातील २९ टक्के लोकांना आमवात झाला होता. त्यानंतर औषध थांबवून आणखी एक वर्ष वाट पाहिली, तेव्हा हे आकडे अनुक्रमे २५ आणि ३७ टक्के झाले. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या १०० जणांच्या दुसऱ्या चाचणीत औषध सहा महिनेच दिले होते. तेथे सहा महिन्यांनंतर ८ टक्के विरुद्ध ३५ टक्के, आणि दीड वर्षानंतर ३५ टक्के विरुद्ध ५७ टक्के, असा फरक दिसला.

या आकड्यांकडे नीट पाहावे, कारण ‘आमवात टाळणारे औषध सापडले’ अशा बातम्या त्यांच्या आधारे देणे सोपे आहे. लंडनच्या चाचणीत औषध चालू असताना १०० पैकी २३ जणांचा फायदा झाला आणि ते बंद झाल्यावर वर्षभरात हा फरक १२ वर आला. म्हणजे रोग पुष्कळ अंशी लांबणीवर पडला, सर्वांचा टळला नाही. त्याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो औषध न मिळालेल्यांचा गट: त्यातील ६३ टक्के लोकांना दोन वर्षांत आमवात झालाच नाही. त्यांना वर्षभर इंजेक्शने दिली असती तर खर्च, गैरसोय आणि संसर्गाचा धोका त्यांच्या वाट्याला आला असता आणि त्या दोन वर्षांपुरता तरी त्या बदल्यात फारसे काही मिळाले नसते. ज्यांच्या रक्तात या रोगाची नाना प्रकारची प्रतिपिंडे होती त्यांना औषधाचा लाभ सर्वाधिक झाला, हा लंडनच्या चाचणीतील निष्कर्ष म्हणूनच मोलाचा आहे. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा मार्ग तेथून निघू शकतो.

इतर औषधांचे अनुभव संमिश्र आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या स्वस्त आणि बऱ्याच अंशी निर्धोक गोळीकडून अमेरिकेत मोठी आशा होती, पण वर्षभर देऊनही तिने आमवात रोखला नाही. बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या एका मात्रेने रोग साधारण वर्षभर पुढे ढकलला. नेदरलँड्समधील लायडेन येथे मेथोट्रेक्सेट हे आमवातावरील नेहमीचे औषध वर्षभर दिल्यावर रोग टळला नाही, परंतु दुखणे आणि हालचालींतील अडचणी कमी झाल्या आणि औषध थांबवल्यानंतरही तो लाभ टिकला.

रोग पूर्ण प्रस्थापित झाल्यावरही रोगप्रतिकारक यंत्रणेची स्मृती पुसून नव्याने सुरुवात करता येईल का, हा प्रयत्न एर्लांगेनमध्येच चालू आहे. गेओर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आणखी एक आजार) झालेल्या एका तरुणीवर रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित झालेली कार-टी पेशींची, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याची, उपचारपद्धती वापरून २०२१ मध्ये तिचा अहवाल दिला. २०२४ मध्ये ल्यूपस, मायोसायटिस (स्नायूंचा दाह) आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिस (त्वचा व अवयव कडक होणे) यांच्या १५ रुग्णांचे निकाल आले आणि त्या सर्वांचीच आधीची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे थांबवता आली. रुग्णांची संख्या लहान आहे आणि उपचार अतिशय महाग आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती मात्र रक्ताच्या कर्करोगासाठी.

आजच्या रुग्णाचा आधार मात्र अजूनही मेथोट्रेक्सेट हाच आहे. आंध्रातील भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लावर आणि त्याला विरोध करणाऱ्या रेणूंवर जे काम उभे केले, त्याच कामातून १९४० च्या दशकात हे औषध निघाले. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, म्हणून घरात ही गोळी असेल तर तिचा वार ठरवून तो कागदावर ठळक लिहून ठेवावा. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात आलेली टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी इंजेक्शने मेथोट्रेक्सेट अपुरे पडल्यास उपयोगी ठरतात. मात्र टीएनएफ हाच रेणू क्षयाच्या जंतूंना गाठींमध्ये कोंडून ठेवतो. तो अडवला की सुप्त क्षय उसळू शकतो, आणि म्हणून भारतात या इंजेक्शनांपूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी टाळता येत नाही.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या घरोघरच्या पाहणीत सुमारे ०.५ टक्के प्रौढांना आमवात असल्याचे आढळले. हे प्रमाण थोडे वाटले तरी महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावल्यास रुग्णांची संख्या काही लाखांवर जाते, आणि या रोगात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर राज्यातील असंख्य लोकांची सांधेदुखी महिनोनमहिने रेंगाळली, आणि ती आमवाताशी इतकी मिळतीजुळती होती की तज्ज्ञांनाही फरक करणे जड गेले. चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यात अँटी-सीसीपी सहसा निगेटिव्ह असते, म्हणून तेथे ही तपासणी विशेष उपयोगी ठरते.

रोगापूर्वी औषध देण्याचा दिवस अजून दूर असला, तरी सूज दिसल्यानंतरचे पहिले काही आठवडे आपल्या हाती आहेत. युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार सांधा सुजल्यापासून सहा आठवड्यांत रुग्ण संधिवाततज्ज्ञाकडे पोहोचावा आणि तीन महिन्यांच्या आत रोगाला आवर घालणारे औषध सुरू व्हावे, कारण त्यानंतर हाडांची झालेली झीज भरून येत नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ बोटे आखडलेली राहत असतील, हस्तांदोलन करताना किंवा चपलेत पाय घालताना बोटांच्या मुळाशी कळ येत असेल किंवा तीन वा अधिक सांधे सुजलेले दिसत असतील, तर केवळ वेदनाशामक गोळ्यांवर किंवा घटक न सांगता विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर महिने घालवू नयेत. अशा काही चूर्णांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत आढळले आहे; त्यांनी सूज झपाट्याने उतरते आणि हाडांची झीज पाहण्याची वेळ येईपर्यंत ते पहिले तीन महिने निघून गेलेले असतात.