इवो जिमा ध्वजचित्रातील विस्मृत सैनिक

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर झालेल्या ध्वजारोहणाच्या जगप्रसिद्ध छायाचित्रात सहा अमेरिकी मरीन सैनिक आहेत, पण एकाचाही चेहरा धड दिसत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार जो रोझेंथल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर ते टिपले. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, युद्धकर्ज उभारणीच्या भित्तिपत्रकांवर ते झळकले. चित्रातले सहा जण नेमके कोण, हे मात्र पुरते ठरायला ७४ वर्षे लागली.

मुळात हा त्या दिवशीचा दुसरा झेंडा. पहिला लेफ्टनंट हॅरोल्ड श्रायर यांच्या चाळीस जणांच्या तुकडीने सकाळी साडेदहाच्या सुमारास लावला. तो पाहून किनाऱ्यावर जल्लोष झाला, जहाजांचे भोंगे वाजले. पण झेंडा लहान होता, शिवाय बटालियनच्या प्रमुखाला तो जपून ठेवायचा होता. म्हणून मोठा झेंडा वर पाठवण्यात आला. टेलिफोनची तार ओढत चढलेल्या जवानांनी आणि इतरांनी मिळून तो लोखंडी नळाला बांधून उभा केला. पहिल्या झेंड्याचे फोटो लुई लोअरी यांनी काढले होते, पण ते मागे पडले. त्या तुकडीतले, ज्वालाक्षेपक वाहणारे चार्ल्स लिंडबर्ग पुढे कित्येक वर्षे आपली हकिकत सांगत राहिले. अनेकांनी त्यांना खोटे ठरवले.

लढाई आणखी महिनाभर चालली. चित्रातले मायकेल स्ट्रँक, हार्लन ब्लॉक आणि फ्रँकलिन सूसली तिथेच मारले गेले. ब्लॉक यांच्या जागी हँक हॅन्सन यांचे नाव लागले होते. वर्तमानपत्रातली ती पाठमोरी आकृती पाहून हा आपलाच मुलगा, असे ब्लॉक यांच्या आईने तेव्हाच सांगितले होते. आईला पाठ पुरते, कचेरीला कागद लागतो. १९४६ मध्ये चित्रातलेच आयरा हेज यांनी टेक्सासला जाऊन ब्लॉक कुटुंबाला खरे काय ते सांगितले, तेव्हा कुठे १९४७ मध्ये नाव दुरुस्त झाले.

पुढच्या दोन दुरुस्त्या बारीक खुणांवर झाल्या. शिरस्त्राणाचा लोंबता पट्टा आणि गणवेशातले फरक पाहून २०१६ मध्ये जॉन ब्रॅडली यांच्याऐवजी हॅरोल्ड शुल्त्झ यांना मान्यता मिळाली. ब्रॅडली पहिल्या ध्वजारोहणात होते. २०१९ मध्ये रेने गॅन्यन यांच्या जागी हॅरोल्ड केलर आले. त्यांच्या बोटातली लग्नाची अंगठी ही एक खूण ठरली. शुल्त्झ लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात नोकरी करून १९९५ मध्ये वारले. आपण चित्रात आहोत, हे त्यांनी घरी जेवताना एकदाच बोलून दाखवले होते. केलर त्याआधीच, १९७९ मध्ये, गेले होते.

या छायाचित्रावरून घडवलेल्या, अमेरिकेतील आर्लिंग्टन येथील भव्य कांस्यशिल्पाचे १९५४ मध्ये लोकार्पण झाले. त्यासाठी शिल्पकार फेलिक्स डी वेल्डन यांच्यासमोर हेज, ब्रॅडली आणि गॅन्यन बसले होते. त्यांतले दोघे मूळ छायाचित्रात नाहीत.