१०२४ सिलिंडर मर्यादा

आयबीएम पीसीच्या वंशातील संगणकांवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी यांसारखी युनिक्स-सदृश कार्यप्रणाली मोठ्या हार्ड डिस्कवर बसवताना येणारा अडथळा. सिलिंडर म्हणजे डिस्कच्या तबकड्यांवर एकाखाली एक येणाऱ्या वर्तुळाकार मार्गांचा गट; त्यांची मोजणी शून्यापासून होते. १०२३ या क्रमांकापलीकडे पडलेली कर्नलची (कार्यप्रणालीच्या गाभ्याची) फाइल बूट लोडरला, म्हणजे ती स्मृतीत आणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, वाचता येत नसे आणि यंत्र सुरू होता होताच थांबे. १९९० चे दशक व त्यानंतरची दोन-तीन वर्षे हा या अडचणीचा मुख्य काळ मानता येईल.

मर्यादेचा उगम नेमका कशात, याबाबत दोन मते आढळतात. एका मतानुसार दोष पार्टिशन तक्त्याचा, म्हणजे डिस्कचे विभाग नोंदवणाऱ्या यादीचा आहे, कारण तक्त्यातील प्रत्येक नोंदीत सिलिंडरसाठी १० बिट (म्हणजे ० ते १०२३ एवढेच क्रमांक), हेडसाठी (वाचणाऱ्या शीर्षासाठी) ८ आणि सेक्टरसाठी (मार्गाच्या तुकड्यासाठी) ६ बिट राखलेले असतात. दुसऱ्या मतानुसार तो बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या) डिस्क-सेवेचा, म्हणजे षोडशमान पद्धतीने १३ क्रमांकाच्या इंटरप्टचा (बायोसला हाक मारण्याच्या सोयीचा) आहे. या सेवेला पत्ता देताना सिलिंडरचे खालचे ८ बिट सीएच रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठ्यात), तर वरचे २ बिट सीएल रजिस्टरमध्ये सेक्टरच्या ६ बिटांच्या डोक्यावर बसवावे लागतात. हेड डीएचमध्ये जातो. पार्टिशन तक्ता आणि हार्ड डिस्क असलेली पहिली आयबीएम पीसी (एक्सटी) ही दोन्ही १९८३ मधील असल्याने केवळ कालक्रमावरून निवाडा होत नाही. तरीही दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तक्त्याच्या त्याच नोंदीत आरंभीचा सेक्टर व एकूण सेक्टर यांसाठी ३२ बिटांची स्वतंत्र घरे आहेत, आणि लिनक्स तीच वाचते. बायोसच्या मूळ सेवेत अशी पर्यायी वाट नव्हती. एक्सटीची १० मेगाबाइटची डिस्क ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि १७ सेक्टर एवढीच होती, हे लक्षात घेता १० बिट त्या वेळी कोणालाही अपुरे वाटले नसणार.

बायोसच्या १०, ८ व ६ बिटांतून सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंतचे पत्ते बनतात. आयडीई (त्या काळी रूढ असलेल्या जोडणी-पद्धतीच्या) डिस्कची रचना मात्र निराळी होती : सिलिंडरला १६ बिट, हेडला ४ आणि सेक्टरला ८. दोन्ही पद्धतींत मावेल तेवढेच हाती लागत असल्याने १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर असा लघुतम मेळ उरला. त्याचे ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. हीच ती ५२८ किंवा, १०२४ च्या पटीत मोजल्यास, ५०४ मेगाबाइटची मर्यादा. १९९० च्या दशकाच्या मध्यास बायोस सिलिंडरांची संख्या भागून हेडांची संख्या तितक्याच पटीने वाढवू लागले. डॉस या जुन्या कार्यप्रणालीला २५६ हेड पेलत नसल्याने २५५ हेड व ६३ सेक्टर हा काल्पनिक आकार रूढ झाला. प्रत्यक्षात एवढे हेड कोणत्याही डिस्कमध्ये नसतात. आकड्यांचे हे रूपांतर सर्व बायोस एकाच रीतीने करीत नसल्यामुळे एका यंत्रात चालणारी डिस्क दुसऱ्या यंत्रात जोडली की सुरू होत नसे.

लिनक्स कर्नल एकदा स्मृतीत आले की डिस्कशी थेट बोलते आणि बायोसला विचारत नाही. त्यामुळे ही अडचण फक्त आरंभीच्या काही क्षणांपुरती असते. लिलो हा बूट लोडर कर्नलच्या सेक्टरांचे पत्ते आधीच नोंदवून ठेवी आणि ते वाचण्यासाठी बायोसवर विसंबे. तो प्रत्येक टप्प्यावर आपल्या नावाचे एकेक रोमन अक्षर पडद्यावर उमटवीत असल्याने निदान त्यावरूनच करीत. पहिल्या दोन अक्षरांवर थांबल्यास दुसरा टप्पा डिस्कवरून आणला गेला, पण चालला नाही. केवळ पहिले अक्षर व पुढे ०४ असा संकेत आल्यास सेक्टर सापडला नाही, म्हणजे बहुधा डिस्कच्या आकाराबाबत लिलो व बायोस यांचे एकमत नाही, असा अर्थ होई. महिनोन् महिने नीट चालणारे यंत्र नवे कर्नल संकलित केल्यावर अचानक बंद पडे, त्याचेही कारण पुष्कळदा हेच असे : जुनी फाइल योगायोगाने सीमेच्या आत होती आणि नवी बाहेर पडली.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे डिस्कच्या आरंभी काही मेगाबाइटांचे छोटे पार्टिशन करून ते ‘बूट’ या डिरेक्टरीसाठी राखणे. बायोस व कर्नल यांचे आकडे जुळत नसतील, तर कर्नलला बूट होताना सिलिंडर, हेड व सेक्टर यांच्या संख्या स्वल्पविरामांनी तोडून कळवता येत. फिनिक्स व इतरांनी पुढे आणलेल्या विस्तारित बायोस-सेवेत ६४ बिटांचा सेक्टर-क्रमांक देता येतो. लिलोने २००० च्या सुमारास ‘एलबीए३२’ या पर्यायाने तिचा वापर सुरू केला आणि मर्यादा व्यवहारतः संपली. लिनक्सचा एफडिस्क हा पार्टिशन करणारा प्रोग्राम मात्र पुढेही बराच काळ, उदाहरणार्थ २० गिगाबाइटच्या डिस्कवर, सिलिंडर २४९१ असून त्यात वावगे काही नाही, पण ते १०२४ हून अधिक असल्याने लिलोच्या जुन्या आवृत्त्यांना व डॉसच्या एफडिस्कला त्रास होऊ शकतो, असे बजावीत राहिला. या सूचनेने घाबरून चांगली डिस्क सदोष ठरवणारे कमी नव्हते.

१०२४ सिलिंडर मर्यादेशी गल्लत होणाऱ्या मर्यादा वेगळ्या ओळखाव्या लागतात. ८.४ गिगाबाइटहून मोठी आयडीई डिस्क आपले सिलिंडर १६,३८३ च सांगते. तो आकडा खोटा असला तरी बिघाड नव्हे, खरी क्षमता सेक्टरसंख्येवरून काढावी. ३३.८ गिगाबाइटपलीकडच्या डिस्कवर अवॉर्ड बायोसच्या काही आवृत्त्या यंत्र सुरू होतानाच गोठत. अशा वेळी जंपर (डिस्कवरील पिना जोडणारी छोटी टोपी) लावून डिस्कला क्षमता कमी सांगायला लावीत आणि कर्नल चालू झाल्यावर ती पुन्हा खुली करीत. लिनक्सच्या २.२.१४ पूर्वीच्या २.२ मालिकेतील आवृत्त्यांनाही याच आकड्यापुढे क्षमता नीट कळत नसे. १३७ गिगाबाइटची सीमा २८ बिटांच्या सेक्टर-क्रमांकाची असून ती एटीए-६ या आयडीई डिस्कच्या मानकातील ४८ बिटांनी दूर झाली. २.२ टेराबाइटची सीमा मात्र खरोखर पार्टिशन तक्त्याची आहे : वर उल्लेखिलेली ३२ बिटांची घरे ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी तेथे भरतात आणि जीपीटी हा नवा पार्टिशन तक्ता वापरावा लागतो.

फ्रीबीएसडीमध्ये ‘बूट०’ या आरंभीच्या लोडरला विस्तारित सेवा वापरण्यास ‘पॅकेट’ या पर्यायाने सांगता येते.