व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय कोणाचा?

आयसीयूतला पेशंट शुद्धीवर येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तरीही ठाणे-नवी मुंबईतली कित्येक कुटुंबं शेवटी ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ डिस्चार्जच्या कागदावर सही करून त्याला घरी नेतात. अपराधी वाटतं ते वेगळंच. कायद्याने दुसरी वाट दिलेली आहे, ती त्यांना कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या वाटेची सुरुवात परळला झाली. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना भरवणं थांबवावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार इतकी वर्षं त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा, असं न्यायालय म्हणालं, आणि त्या माणसांना त्या हव्या होत्या. मला हा निकालाचा सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची मुभाही दिली. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मानला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती, उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागायची आणि त्यातलं दुसरं मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं होतं. एवढी धावपळ करणार कोण? २४ जानेवारी २०२३ रोजी हे सोपं झालं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इच्छापत्राची प्रत सांभाळायला महापालिकेने अधिकारी नेमायचा आहे. दोन्ही मंडळं तीन-तीन डॉक्टरांची, दोन्ही रुग्णालयानेच नेमायची आणि शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दुसऱ्या मंडळावरचा एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला असतो. म्हणजे वाशी-नेरूळला ठाणे जिल्हा, खारघरला रायगड.

इच्छापत्र नसलं तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रक्रिया होते. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दुसऱ्या मंडळाने नकार दिला, तर घरचे, डॉक्टर किंवा रुग्णालय उच्च न्यायालयात जाऊ शकतात.